स्क्रीन, मल्टिप्लाय, ओपॅसिटी... आणि त्र्यंबकेश्वरचे फाळके

एडिटिंग ॲपमध्ये एका फोटोवर दुसरा फोटो ठेवला की खाली दोन गोष्टी दिसतात. एक ओपॅसिटीचा स्लायडर आणि दुसरी ब्लेंड मोडची यादी: नॉर्मल, मल्टिप्लाय, स्क्रीन वगैरे. बहुतेक जण स्लायडर मागेपुढे करतात, यादीतले मोड एकेक करून दाबून बघतात आणि जो बरा दिसेल तो ठेवतात. हे मोड नेमकं काय करतात, हे समजून घ्यायचं तर मला गणितापेक्षा एका माणसाचं आयुष्य जास्त उपयोगी वाटतं. तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, आपले दादासाहेब फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक ही त्यांची ओळख शाळेतच पाठ होते. पण माझ्या मते ते त्याआधी, आणि त्याहून जास्त, चित्रावर चित्र चढवणारे तंत्रज्ञ होते. आज ज्याला आपण कंपोझिटिंग म्हणतो ते काम त्यांनी आधी शाईने केलं आणि मग प्रकाशाने.

जन्म ३० एप्रिल १८७०, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला. वडील संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवण्याची नोकरी मिळाली आणि घर मुंबईला आलं. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले आणि तिथून पुढे बडोद्याच्या कलाभवनात. कलाभवनात नुसती चित्रं काढायला शिकवत नसत. तिथे फोटोग्राफी होती, छपाईचे ठसे करणं होतं, साचेकाम होतं. फाळक्यांनी १८९० च्या सुमारास कॅमेरा घेतला आणि तीन रंगांचे ब्लॉक करायचं तंत्र उचललं. हे तीन रंगांचे ब्लॉक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ टाकला. मग प्लेग आला. पत्नी आणि मूल दोघंही त्यात गेली. बडोद्याला परत येऊन पुन्हा फोटोचा धंदा बघितला, तर कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो अशी लोकांची समजूत. गिऱ्हाईक येईना. तिशीतला माणूस, घर उद्ध्वस्त झालेलं आणि हातात अशी कला की जिला लोक घाबरतात.

याच काळात ते जादू शिकले. प्रयोग करताना नाव घ्यायचे प्रोफेसर केळफा. फाळके हे आडनाव उलटं वाचून बघा, के-ळ-फा! पुढे त्यांनी या केळफाच्या जादूवर एक छोटी फिल्मही केली. तिकडे फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस नावाचा जादूगार त्याच सुमारास कॅमेऱ्याकडे वळला होता. १८९८ मध्ये त्याने स्वतःचंच डोकं काढून टेबलावर ठेवल्याची फिल्म केली, एकाच पट्टीवर पुन्हा पुन्हा चित्रण करून. दोन वेगवेगळ्या देशांत दोन जादूगार एकाच युक्तीपाशी पोचले हा मला योगायोग वाटत नाही. प्रेक्षकाला काय दिसू द्यायचं आणि काय काळोखात ठेवायचं, हा जादूगाराचा रोजचाच प्रश्न असतो. कंपोझिटिंगचाही हाच आहे.

शाई: मल्टिप्लाय

१९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं, सरस्वतीबाईंशी. काही वर्षं पुरातत्त्व खात्यात चित्रकार-फोटोग्राफरची सरकारी नोकरी केली. मग स्वदेशीचं वारं सुरू झालं, त्यांनी नोकरी सोडली आणि लोणावळ्याला छपाईचा व्यवसाय सुरू केला. राजा रविवर्मांच्या प्रेससाठी ते फोटो-लिथोचं काम करत. देवादिकांची ती रंगीत चित्रं, जी आजही जुन्या घरांच्या भिंतींवर दिसतात, ती या प्रेसची.

रंगीत छपाईत एका चित्राचे अनेक थर असतात. प्रत्येक रंगाचा वेगळा दगड किंवा वेगळा ब्लॉक. कागदावर आधी एक रंग उठवायचा, तो वाळला की त्यावर दुसरा, मग तिसरा. पातळ शाई पारदर्शक असते. पिवळ्यावर निळी चढली की हिरवं दिसतं, कारण पांढऱ्या कागदावरून परत येणारा प्रकाश दोन्ही शायांमधून गाळून येतो. प्रत्येक थर थोडा प्रकाश खातो. त्यामुळे शाईवर शाई चढवत गेलं की चित्र गडदच होत जातं, उजळ कधीच होत नाही.

तुमच्या ॲपमधला मल्टिप्लाय मोड म्हणजे हेच. दोन पिक्सेलच्या किमती गुणायच्या आणि २५५ ने भागायचं. समजा वरच्या चित्राचा पिक्सेल २०० आहे, खालचा १००. गुणाकार २०,०००, भागिले २५५, उत्तर साधारण ७८. दोघांपेक्षाही गडद. वरचं चित्र पांढरं म्हणजे २५५ असेल तर खालचं जसंच्या तसं राहतं, कारण पांढरं म्हणजे तिथे शाईच नाही. म्हणून पांढऱ्या कागदावर केलेल्या सहीचा फोटो मल्टिप्लाय केला की कागद गायब होतो आणि सही उरते.

छपाईत आणखी एक गोष्ट होती, नोंदणी. मराठी छापखान्यांत तिला रजिस्टर म्हणतात. दुसरा रंग पहिल्यावर बरोबर बसला पाहिजे. केसभर सरकला तरी देवीचे ओठ गालावर जातात. पुढे सिनेमा करताना फाळक्यांना जो काटेकोरपणा लागला, तो मला वाटतं त्यांना इथेच लागला असावा.

धंदा चांगला चालला, दादरला गेला, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं बघायला ते जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदारांशी पटलं नाही. ते बाहेर पडले आणि जवळजवळ रिकाम्या हाताने पडले. वय चाळीस.

दृष्टी

मग १९११ च्या आसपास मुंबईत एका तंबूतल्या सिनेमात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि तिथे आपला राम, आपला कृष्ण का नसावा हा विचार डोक्यात बसला, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे इथे थांबत नाही. नंतरचे महिने कमी सांगितले जातात. ते रोज सिनेमे बघत, घरी येऊन प्रयोग करत, झोप जवळजवळ नाहीच. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ त्यांना दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. ती आली नसती तर? चित्रकार, फोटोग्राफर, मुद्रक, सगळं आयुष्य डोळ्यांवर उभं. मला हा प्रसंग तंबूतल्या साक्षात्कारापेक्षा मोठा वाटतो, कारण दृष्टी परत आल्यावर त्यांनी काय केलं तर पुन्हा सिनेमाच.

पैसे नव्हते. विम्याची पॉलिसी गहाण ठेवली आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये बोटीने लंडन गाठलं. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाने त्यांना मदत केली, सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या वॉल्टनमधल्या स्टुडिओत त्यांना काम बघायला मिळालं. येताना त्यांनी विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि धुण्या-छापायचं सामान घेतलं.

परत आल्यावर पैसे लावणाऱ्याला पटवायला त्यांनी एक छोटी फिल्म केली, कुंडीतल्या वाटाण्याला अंकुर फुटून वेल वाढते ती. महिनाभराहून जास्त काळ कॅमेरा एका जागी, थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं चित्रण. तुम्ही फोनवर टाइमलॅप्स म्हणता ते, १९१२ मध्ये, दादरला. पैसे मिळाले, पण सरस्वतीबाईंचे दागिनेही गेलेच.

सरस्वतीबाईंबद्दल जरा थांबून सांगायला हवं. कच्ची फिल्म भोकांशिवाय यायची. कॅमेऱ्याचे दात ज्या भोकांत अडकतात ती भोकं घरीच, अंधाऱ्या खोलीत, यंत्राने पाडायची. हे काम सरस्वतीबाई करायच्या. आता हिशेब बघा. 'राजा हरिश्चंद्र' साधारण ३,७०० फुटांचा. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, प्रत्येक चौकटीला दोन्ही बाजूंनी मिळून ८ भोकं. म्हणजे नुसत्या एवढ्या लांबीला ४ लाख ७३ हजारांवर भोकं. वाया गेलेली फिल्म आणि प्रतींची फिल्म वेगळीच. आणि भोकांची ओळ वाकडी झाली तर चित्र थरथरतं. साधं दृश्य थोडं थरथरलं तर चालून जातं, पण एकाच पट्टीवर दोनदा चित्रण करायचं असेल तर पहिलं चित्र एका बाजूला आणि दुसरं दुसऱ्या बाजूला हलतं, मग भूत लगेच पकडलं जातं. दिवसभर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करून रात्री त्या हे करायच्या. इफेक्ट्सचं श्रेय देताना हे नाव सहसा घेतलं जात नाही. घ्यायला हवं.

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. तारामतीचं काम साळुंके नावाच्या तरुणाने केलं होतं, रोहिताश्व झाला होता फाळक्यांचा मुलगा भालचंद्र, आणि कॅमेऱ्यावर होते त्र्यंबक तेलंग, ज्यांना फाळक्यांनी स्वतः शिकवलं होतं. हरिश्चंद्र रानात शिकारीला जातो आणि विश्वामित्राच्या आश्रमात ज्वाळांमध्ये अडकलेल्या तीन शक्ती त्याला दिसतात. इथून आपला खरा विषय सुरू होतो.

प्रकाश: स्क्रीन

एकाच पट्टीवर दोनदा चित्रण, म्हणजे डबल एक्स्पोजर, कसं करायचे? पहिलं दृश्य घ्यायचं. भिंगावर झाकण लावून फिल्म उलटी गुंडाळायची, जिथून सुरुवात केली तिथपर्यंत. मग झाकण काढून त्याच फिल्मवर दुसरं दृश्य घ्यायचं. फिल्मवर प्रकाश पडला की तो जमा होतो. जिथे काळं आहे तिथे प्रकाशच नाही, त्यामुळे फिल्मचा तेवढा भाग कोरा राहतो आणि दुसऱ्या वेळी तिथे काहीही भरता येतं. म्हणून दुसरं पात्र काळ्या पडद्यासमोर उभं करायचे. पात्र उमटतं, पडदा उमटत नाही.

म्हणजे छपाईच्या अगदी उलट. शाई प्रकाश खाते, फिल्म प्रकाश साठवते. छपाईत पांढरं म्हणजे काही नाही, फिल्मवर काळं म्हणजे काही नाही. माझं या माणसाबद्दलचं सगळं आकर्षण या उलटापालटीत आहे. वीस वर्षं एका गणितात हात बसवलेला माणूस चाळिशीनंतर त्याच्या बरोबर विरुद्ध गणितात शिरला आणि दोन वर्षांत त्यातही पक्का झाला.

ॲपमधल्या ज्या मोडला ॲड म्हणतात आणि ज्याला स्क्रीन म्हणतात, ते या घराण्यातले. ॲडमध्ये सरळ बेरीज, २०० अधिक १०० म्हणजे ३००. पण पिक्सेल २५५ च्या वर जाऊ शकत नाही, म्हणून ते पांढरंफटक होतं. स्क्रीन जरा समंजस आहे. तो दोन्ही किमती २५५ मधून वजा करतो (५५ आणि १५५), त्यांचा गुणाकार करून २५५ ने भागतो (साधारण ३३), आणि ते परत २५५ मधून वजा करतो. उत्तर २२२. दोघांपेक्षाही उजळ, पण फटफटीत नाही. फिल्मवर प्रकाश पडतो तेव्हाही असंच काहीसं होतं, आधीच उजळलेल्या जागी नव्या प्रकाशाचा परिणाम हळूहळू कमी होत जातो. धूर, आग, पाऊस, फटाके यांचे काळ्या पार्श्वभूमीचे व्हिडिओ मिळतात ना, ते स्क्रीनसाठीच असतात.

आता तिसरा प्रकार, म्हणजे तुमचा ओपॅसिटीचा स्लायडर. तो ना शाई, ना साठणारा प्रकाश. तो वाटणी करतो. स्लायडर ३० टक्क्यांवर असेल तर वरच्या चित्राचे ३० टक्के आणि खालच्याचे ७० टक्के. २०० चे ३० टक्के ६०, १०० चे ७० टक्के ७०, बेरीज १३०. एकाला जेवढं दिलं तेवढं दुसऱ्याचं कमी. फिल्मवर हे करायला विरघळवणी लागायची, म्हणजे डिझॉल्व्ह. हँडलच्या एका फेऱ्यात ८ चौकटी, सेकंदाला दोन फेरे. समजा चार सेकंदांचा बदल हवा आहे, तर आठ फेऱ्यांत ६४ चौकटी. पहिलं दृश्य संपताना या आठ फेऱ्यांत भिंगातून येणारा प्रकाश हळूहळू बंद करत आणायचा, झाकण लावून बरोबर आठ फेरे उलटे फिरवायचे, मग दुसरं दृश्य घेताना त्याच आठ फेऱ्यांत प्रकाश हळूहळू उघडायचा. मोजणी तोंडाने. सात फेरे मागे गेले तर मध्ये काळोखाचा झटका, नऊ गेले तर उजेडाचा.

आणि अनडू नाही, हे विसरू नका. दुसऱ्या वेळी नट चुकला, ढग आला, फेरा हुकला, तर दुसरं चित्रण तर गेलंच, पहिलंही गेलं. कारण दोन्ही एकाच पट्टीवर. चित्रण सूर्यप्रकाशात, फिल्म परदेशातून आलेली, पैसे कर्जाचे. आज आपण एका रीलसाठी बारा वेळा एक्स्पोर्ट करतो. इथे धुऊन बघेपर्यंत काय झालं तेच कळायचं नाही.

१९१७ चा 'लंकादहन' या सगळ्याचा पुढचा टप्पा. साळुंक्यांनी त्यात राम आणि सीता दोन्ही केले. हनुमान उडतो, लंका जळते, आणि चित्रपट तुफान चालला. १९१८ च्या 'श्रीकृष्णजन्म'मध्ये भ्यालेल्या कंसाचं डोकं धडावेगळं होऊन वर तरंगतं, त्याला चहूकडे कृष्ण दिसायला लागतो. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली होती त्यांची लहान मुलगी मंदाकिनी. या चित्रपटाच्या सुरुवातीला फाळके आधी मंदाकिनीचाच चेहरा दाखवतात, ती निरनिराळे भाव करून दाखवते. ही माझी मुलगी, आता हीच तुम्हाला कृष्ण दिसणार, असा उघड खेळ. जादूगार आधी रिकामी टोपी दाखवतो तसंच. सिनेमा कसा बनवतात यावरही त्यांनी छोटी फिल्म केली होती. ट्रिक लपवून ठेवण्यापेक्षा सांगण्याकडे त्यांचा कल होता, आणि आमच्यासारख्या समजावून सांगणाऱ्या साइटवर त्यांना जागा देण्याचं तेही एक कारण आहे.

पुढचं आयुष्य चढत नाही. मधल्या काळात १९१४ ला ते पुन्हा लंडनला गेले होते, तिथे राहून काम करण्याच्या ऑफर आल्या, त्यांनी नाकारल्या. युद्धात पैसा आटला. १९१८ मध्ये भागीदार घेऊन हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, आणि पुन्हा तेच, भागीदारांशी खटके. ते सगळं सोडून काशीला गेले, तिथे 'रंगभूमी' हे नाटक लिहिलं, काही वर्षांनी परत आले. पण १९३१ ला 'आलम आरा' आला आणि चित्रपट बोलायला लागला. फाळक्यांची सगळी जादू डोळ्यांची होती. कोल्हापूरला त्यांनी 'गंगावतरण' हा एकच बोलपट केला, १९३७ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, हातात फारसं काही नसताना. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू व्हायला १९६९ उजाडलं.

त्यांच्यानंतरची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तुमच्या फोनमध्ये तीच चालते. १९७० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी ठरवलं की प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला चौथा आकडा द्यायचा, तो पिक्सेल किती झाकतो हे सांगणारा. त्याला अल्फा म्हणतात. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी अशी चित्रं एकमेकांवर ठेवायचे नियम मांडले. वेबपेजवर कॅनव्हास वापरून स्क्रिप्ट लिहिलीत तर ग्लोबल-अल्फा नावाचा जो आकडा ० ते १ मध्ये द्यावा लागतो, तो याच कुळातला, आणि मल्टिप्लाय-स्क्रीनही तिथे एका ओळीत निवडता येतात. पीएनजी फाइल हा चौथा आकडा जपते, जेपीजी जपत नाही. म्हणून पारदर्शक लोगो जेपीजी झाला की मागे पांढरा किंवा काळा चौकोन येतो. फाळक्यांचा काळा पडदा म्हणजे अल्फा नसलेल्या जगातला अल्फा, शून्याच्या जागी काळोख.

करून बघायचं असेल तर फोन काठीला किंवा खिडकीला घट्ट बांधा. रिकाम्या अंगणाचा व्हिडिओ घ्या, संध्याकाळचा, जरा अंधुक. मग फोन न हलवता, काळं कापड पाठीमागे धरून त्यासमोर एका मित्राला उभं करा आणि दुसरा घ्या. दुसरा पहिल्यावर ठेवून स्क्रीन निवडा. मित्र पांढऱ्या शर्टात असेल तर ठसठशीत येईल, काळ्या शर्टात असेल तर नुसतं डोकं आणि हात तरंगतील. कंसाचं डोकं कसं तरंगवता येतं, ते तिथल्या तिथे दिसेल.

फाळक्यांचे बहुतेक चित्रपट आज नाहीत. नायट्रेट फिल्म लवकर कुजते, पेटही घेते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून मिळवलेली रीळं, 'राजा हरिश्चंद्र'चे काही भाग, 'लंकादहन' आणि 'श्रीकृष्णजन्म'चे तुकडे आणि बराचसा 'कालिया मर्दन', एवढं हाताशी आहे. यूट्यूबवर सापडतं. कंसाच्या प्रसंगाशी व्हिडिओ थांबवा आणि चौकट-चौकट पुढे न्या. डोक्याच्या मागे पार्श्वभूमी किती काळी ठेवली आहे ते आधी बघा.